वर पडणारी लिफ्ट

क्वान यिउ-मिंग भित्रा माणूस होता. तेवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री भित्रा असतो हे क्वा वान वस्तीत कुणाला सांगून पटलं नसतं, पण होता खरा. बाकीचे मिस्त्री लिफ्टच्या टपावर पाय फाकवून उभे राहायचे, सिगारेट ओढायचे, घोड्यांच्या शर्यतीवर वाद घालायचे. क्वान टपावर चढला की पहिल्यांदा डावा पंजा भिंतीला टेकवायचा. लिफ्टच्या त्या काळोख्या विहिरीत डबा सावकाश, एका चालीनं सरकत असला, की आपण हलतोय का उभे आहोत हे अंगाला कळतच नाही. पोटात गोळा येत नाही, पाय काही सांगत नाहीत. हातातली बत्ती आपल्यासोबतच चाललेली, तीही मुकी. भिंत तेवढी खरं बोलते. त्यामुळे त्याच्या पंजाचं कातडं बारा महिने सोललेलं असायचं, आणि त्याचा जोडीदार पून त्यावरून त्याला छळायचा. "त्या भिंतीशी एकदाचं लग्न लावून टाक रे," म्हणायचा.

पूनला हसायला काय जातंय. क्वानचा उस्ताद कसा गेला ते पूननं पाहिलं नव्हतं. क्वाननं पाहिलं होतं, विशीत असताना, वरच्या मजल्याच्या दारातून. उस्ताद टपावर उभा, खाली डबा रिकामा, आणि ब्रेक सुटला. उस्तादाची नजर समोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकणाऱ्या लोखंडी वजनावर होती. ते आपल्याकडे खाली येतंय असं त्याला दिसलं, आणि तो शांतपणे म्हणाला, "क्वान, वजन खाली का येतंय बघ जरा." वजन खाली येत होतं ते खरंच. पण उस्ताद स्वतः तितक्याच वेगानं वर चालला होता, छताकडे, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं. आपण उभेच आहोत या भरवशावर तो गेला. खाली वाकला असता तरी वाचला असता.

लिफ्ट म्हटलं की लोकांना ती खाली कोसळण्याची भीती वाटते. वाटू दे. लोकांना फक्त डबा दिसतो. डब्याचा दोर माथ्यावरच्या चाकावरून पलीकडे जातो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळ्यांची चौकट लटकत असते, ती कुणाला दिसत नाही. ही चौकट रिकाम्या डब्याहून सहा माणसांइतकी जड ठेवतात. पृथ्वी ओढते दोघांनाही, पण जास्त जड असेल तो जिंकतो. डब्यात सहा माणसं असली तर बरोबरी. बारा कोंबली तर डबा खाली जाणार. आणि आत दोघंतिघंच असले अन् ब्रेक मेला, तर डबा वर पडतो. "वर पडतो" हा क्वानचा शब्द. बायकोला त्यानं तो एकदाच सांगितला होता, झोपेतून ओरडत उठल्यावर.

त्या मंगळवारी सकाळी आठला तो आणि पून लुंग-फाय इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत होते. इमारत बावीस मजल्यांची. दोन लिफ्ट, त्यातली एक नवी बसवायची म्हणून महिनाभर फळ्या ठोकून बंद. चालू लिफ्टच्या ब्रेकच्या ड्रमजवळ क्वानला तेलाचा एक थेंब दिसला. गिअरच्या पेटीतून झिरपून आला होता. मोठा नव्हता, भाताच्या शितापेक्षा लहान.

"बंद करायची का?" पूननं विचारलं.

नियमाप्रमाणे बंदच करायची. ब्रेकजवळ तेल म्हणजे दुसरा विचार नाही. पण क्वान घड्याळाकडे बघत राहिला. इमारतीतली म्हातारी मंडळी साडेसहालाच खाली चहाघरात गेली होती. रोज जातात. वाफाळलेल्या दोन टोपल्या, एक किटली आणि एक वर्तमानपत्र यांवर अकरापर्यंत बसतात आणि मग गुडघे धरत घरी येतात. आत्ता लिफ्ट बंद केली तर ती सगळी जिन्यात अडकणार. अठराव्या मजल्यावरच्या मुई आजी ऐंशीच्या पुढच्या. चौदाव्यावर तर तीन दुखरे गुडघे एकाच दारामागे राहत होते. त्यानं फडक्यानं तेल पुसलं, ब्रेक दोनदा ओढून पाहिला. धरत होता.

"बाराला करू," तो म्हणाला. "म्हातारे वर आले की."

पूननं खांदे उडवले. झालं, एवढंच झालं होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी क्वान तळमजल्यावरच्या टपरीत दुधाचा चहा पीत असताना लिफ्टची घंटा वाजायला लागली. एकसारखी, दम न घेता. चौकीदार धावत आला. "चौदाव्यावर अडकली. दार उघडंच आहे म्हणतात, आणि डबा वर सरकलाय."

वर सरकलाय म्हटल्याबरोबर क्वान ताडकन उठला. चहा टेबलावर सांडला तो त्यानं पुसलासुद्धा नाही. ते तेल डोळ्यांसमोर आलं. सकाळी थेंब होता, तीन तासांत ओघळ झाला असणार आणि ड्रमवर पसरला असणार.

दोघं जिन्यानं पळत सुटले. पून तरणा, तो गच्चीवर जाऊन ब्रेकला शिकंजा आवळणार होता. क्वान चौदाव्यावर थांबणार होता. सातव्या मजल्यावर क्वानला ओकारी आली. त्यानं कठड्यावर डोकं टेकलं, ओकला, आणि पुन्हा चढायला लागला.

चौदाव्यावर शेजारपाजार जमला होता. एक बाई जमिनीवर कोपर धरून रडत बसली होती. झालं होतं ते असं. लिफ्टमध्ये सातजण आले. इथे तिघं उतरली, आणि तिसरीचा पाय आत असतानाच डबा हळूच वर निघाला, म्हणून ती बाहेर आपटली. उरलेल्या चौघांत बदकं भाजून विकणारा जाड्या लोई होता. त्यानं मागचापुढचा विचार न करता उडी टाकली. तो तसा सुखरूप उतरला, पण त्याचं ते दोनशे पौंडांचं धूड उतरताच डबा आणखी उसळला आणि कमरेच्या उंचीवर जाऊन थांबला. थांबला म्हणजे दिसायला थांबला. क्वाननं दाराच्या चौकटीवर बोट टेकवलं आणि डब्याची कड बघत राहिला. कड बोटापासून केसाकेसानं वर चालली होती.

आत तिघं उरली होती. मुई आजी कोपऱ्यात, पिशवी छातीशी धरून. शिवणकाम करणारी निंगबाई, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून. आणि सेतो सर, पलीकडच्या शाळेतून निवृत्त झालेले, पदार्थविज्ञानाचे. सरांचा एक पाय कडेवर आला होता.

"सर, पाय मागे घ्या," क्वान म्हणाला.

"मागे कसला घेतोस? ब्रेक गेलाय ना?" सर गरजले. "दोर सुटला की आम्ही सगळे खाली. सेकंदाला नऊ पूर्णांक आठनं वेग वाढतो, पोरा. तीस वर्षं मी लिफ्टचीच गणितं घातली आहेत. तुम्ही दोघी, पुढे या. एकेकजण पटकन उतरू."

"उतरू नका. कुणीही उतरू नका."

बाहेरचा जमाव चवताळला. हा काय मिस्त्री म्हणायचा, माणसं बाहेर काढायची सोडून आत कोंडतोय. लोई तर अंगावरच आला. "मी उतरलो ना, काय झालं मला?"

"तुला नाही झालं. त्यांना झालं. तू उतरलास म्हणून ते हातभर वर गेले."

आतून निंगबाई डोळे न उघडताच म्हणाली, "आम्ही नाही गेलो वर. आम्ही जागच्या जागी आहोत. तुमचा मजला खचतोय. इमारत खचतेय, मला दिसलं."

उस्ताद असंच बोलला होता, तितक्याच खात्रीनं. क्वाननं सांगायचा प्रयत्न केला. "सर, तुमच्या गणितातली लिफ्ट कशी असते? वर दोर, खाली डबा, आत माणूस वजनकाट्यावर उभा. हो ना? आणि दोराचं दुसरं टोक?"

"दुसरं टोक वर असतं. कुठे तरी बांधलेलं."

"कुठे तरी नसतं. चाकावरून पलीकडे जातं आणि तिथे वजन असतं. तुम्हा तिघांहून जड."

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवत नव्हतं. चाक आणि दोन बाजूंना दोन वजनं, हे गणित ते पुढच्याच धड्यात शिकवत आले होते. तीस वर्षं लिफ्ट एका धड्यात राहिली आणि चाक दुसऱ्यात. त्यांनी कडेवरचा पाय असा मागे घेतला की जणू खाली साप होता. "म्हणजे आपण हलके आहोत," ते हळूच म्हणाले. "मी उतरलो तर या दोघी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. वर दाराच्या वरची काँक्रीटची कड होती. उतरणारा माणूस अर्धा बाहेर असताना डबा उसळला तर काय होतं, ते शिकवायला मास्तर लागत नाही.

वॉकीटॉकीत पूनचा धापा टाकणारा आवाज आला. "गच्चीवर पोचलो. किल्ली?"

क्वानचा हात कमरेला गेला. मशीनच्या खोलीची किल्ली तिथेच लटकत होती. सकाळी त्यानंच कुलूप लावलं होतं. त्याला रडू फुटायचं बाकी राहिलं. "माझ्याकडे आहे. खाली ये." पूननं जी शिवी हासडली ती सगळ्या मजल्यानं ऐकली. नऊ मजले खाली, पुन्हा नऊ मजले वर. आणि कड बोटाच्या वर दोन पेरं गेली होती.

"काहीतरी जड आणा," क्वान लोकांना म्हणाला. "घरात असेल ते. आत ठेवायला."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. ब्रेक गेलेल्या लिफ्टमध्ये ओझं भरायचं? माणूस वेडा झाला काय? शेवटी सरच आतून वर्गात ओरडायचे तसे ओरडले, "तो सांगतो ते करा. जड झालो की थांबू. आणा लवकर."

मग मात्र दारं धडाधड उघडली. या मजल्यावर घरोघरी जीन्सच्या पँटी शिवायचं काम चालायचं. बांधलेले गठ्ठे बाहेर आले, दोघा-दोघांनी उचललेले. तांदळाची पोती आली. एका घरातून शिलाईचं यंत्र आलं, एका घरातून गॅसची टाकी, ती क्वाननं परत पाठवली. डबा वर गेल्यामुळे त्याच्या खाली विहिरीची काळी फट उघडी पडली होती. तिच्यापुढे लोईनं माहजोंग खेळायचं टेबल आडवं करून धरलं, पाय घसरून कुणी आत जाऊ नये म्हणून. एवढं मात्र त्यानं केलं.

पण गठ्ठे आत ओढून घेणार कोण? सर सत्तरीचे. निंगबाई भिंत सोडेना. कुणीतरी आत जायला हवं होतं, आणि ते कुणी हे सांगायची गरज नव्हती.

पून किल्ली घेऊन पुन्हा वर पळाला होता. क्वाननं दोन्ही तळवे डब्याच्या कडेवर टेकले. इथून अंग वर ओढायचं म्हणजे एक क्षण आपण अर्धे आत, अर्धे बाहेर. बायकोची आठवण झाली, मुलीची झाली, आणि मग उस्तादाला बाहेर काढलं तेव्हा त्याचा एक बूट टपावरच राहिला होता ते आठवलं. त्याला परत फिरायचं होतं. खरंच फिरायचं होतं, आणि तो फिरलाही असता, पण मुई आजी आतून म्हणाल्या, "येतोस का बाबा? मला उभं राहवत नाही आता." तो छातीवर घसटत आत गेला.

आत गेल्यावर पहिलं काम त्यानं केलं ते उघड्या दारातून विहिरीच्या भिंतीला पंजा टेकवायचं. भिंत पंजाखालून खाली सरकत होती, अगदी हळू. त्यानं पहिला गठ्ठा ओढला. दुसरा. पोतं. तिसरा गठ्ठा आला तेव्हा त्यानं पुन्हा पंजा टेकवला. भिंत थांबली होती.

"आणखी चार टाकले तर खालीही येईल की," सर म्हणाले. त्यांच्यातला मास्तर आता जागा झाला होता.

"येईल. आणि थांबवणार कोण?"

सरांनी आत आलेले गठ्ठे मोजले. मग म्हणाले, "बरोबर. एक बाहेर, तर तितकंच आत. निंगबाई, वजन किती तुमचं?"

"एकशे आठ," निंगबाई म्हणाली.

"पौंड ना? म्हणजे एकोणपन्नास किलो. दोन पोती. आधी पोती, मग बाई."

पोती आत आली. क्वाननं निंगबाईला काखेत धरून कडेवर बसवलं, खाली लोईनं आणि आणखी एकानं पाय धरले. निंगबाई खाली गेली. डबा हलला नाही. खाली टेकल्यावर ती वरच्या तिघांकडे बघेचना.

"आता आजी," क्वान म्हणाला. "आजी, वजन किती?"

"बाईमाणसाला वजन विचारतोस?"

"आजी, थट्टा नको."

"कोंबडीएवढं. मास्तरांना आधी काढ. ते जड आहेत, त्यांना वेळ लागेल. मी शेवटी."

सर नको म्हणाले, आजी नको म्हणाल्या. भर दिवसा, ब्रेक गेलेल्या लिफ्टमध्ये, दोघांची मानपानाची बाचाबाची सुरू झाली, जेवणाचं बिल कुणी द्यायचं यावरून चहाघरात होते तशी. क्वान ओरडला, "सर, उतरा." सरांच्या जागी शिलाईचं यंत्र आणि एक गठ्ठा आला. उतरताना सरांच्या धोतरासारख्या सैल पँटीचं टोक कडेत अडकलं, आणि त्या दोन सेकंदांत क्वाननं मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारल्या. मग आजी. आजी खरंच काही भरत नव्हत्या, त्यांच्यासाठी एकच पोतं पुरलं. त्यांना त्यानं दोन हातांवर उचलून खाली दिलं.

आता आत तो एकटा होता, गठ्ठ्यांच्या मध्ये. बाहेर सुटकेचे आवाज, कुणी पाठ थोपटतंय, कुणी पाणी आणतंय. वॉकीटॉकी खरखरली. "शिकंजा आवळला," पून म्हणाला. "दोन्ही बाजूंनी. ड्रम तेलानं न्हालाय. आता हत्ती आला तरी हलत नाही. उतर."

क्वान उतरला नाही. त्याला उतरताच येईना. शिकंजा लागला म्हणजे लागला, हे त्याला ठाऊक होतं, स्वतःच्या नावाइतकं. पण पाय गठ्ठ्याला चिकटले होते. कडेवर अर्धा आत अर्धा बाहेर होण्याचा तो क्षण त्याच्याच्यानं पुन्हा होणार नव्हता. सगळे वर बघत होते. कुणी हसलं नाही.

मुई आजींनी लोईला टेबल बाजूला घ्यायला लावलं. पुढे आल्या, आणि डब्याच्या कडेवर आपले दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. खाली काळी फट, वर काँक्रीट, मध्ये त्यांचे काटकुळे हात.

"आजी, हात काढा," क्वान कळवळून म्हणाला.

"का? पक्की आहे म्हणाला ना तो वरचा? की खोटं बोलला?"

"खोटं नाही."

"मग ये. हात दुखायला लागलेत माझे."

तो आला. कसा ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. जमिनीला पाय लागले तसा तो खालीच बसला. लोकांनी त्याला घेरलं. देवमाणूस आहेस, म्हणाले. लोईनं उद्या अख्खं बदक देतो म्हणून सांगितलं. कुणीतरी त्याच्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं. क्वानला ते तोंडात घालवेना. गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पून बोलणारा नव्हता. कंपनीला गिअरची पेटी जुनी होती हे पुरलं असतं. तेवीस वर्षांच्या नोकरीला डाग लागला नसता, आणि मुलगी अजून शाळेत होती.

"तेल मी सकाळी पाहिलं होतं," तो म्हणाला. संत्र्याकडे बघत. "आठ वाजता. लिफ्ट बंद करायला हवी होती. नाही केली."

पाठीवरचे हात थांबले. कोपर फुटलेली बाई रडायची थांबली. "का नाही केलीस?" लोईनं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"तुम्ही सगळे चहाला गेला होतात. चढावं लागलं असतं."

सेतो सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. लोईनं एक घाणेरडी शिवी दिली आणि तोंड फिरवलं. ती क्वानला लागली, लागायलाच हवी होती.

मुई आजींनी आपली पिशवी उचलली. "चला," त्या म्हणाल्या, "मला अठराव्यावर जायचंय." आणि त्या जिन्याकडे निघाल्या. क्वान उठला, त्यांच्या मागे गेला, पिशवी मागितली. त्यांनी दिली नाही. तो मोकळ्या हातांनी एक पायरी मागे राहून चढत राहिला. त्यांच्या मागे खालून जिन्यानंच चढत आलेलं विसाव्या मजल्यावरचं म्हातारं जोडपं, मागे सेतो सर. दर आठ पायऱ्यांवर आजी बसायच्या. सगळे बसायचे. गुडघे चोळायचे, कुरकुरायचे, सरकारला आणि कंपनीला आणि क्वानला नावं ठेवायचे, तोंडावर, आणि पुन्हा उठायचे.

अठराव्या मजल्यावर पोचायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. कुणी मेलं नाही.